आधी शिवलेलं झबलं

ओव्हरलॉक मशीनचा आवाज साध्या शिलाई मशीनसारखा नसतो. साधं मशीन टकटक करत, मध्येच थांबत, जरा विचार करत चालतं. ओव्हरलॉक एकदा सुरू झालं की घरघर करत सुटतं, आणि त्या घरघरीखाली पात्याची बारीक करकर ऐकू येते, कारण ते शिवता शिवता कापडाची कड कापत जातं. आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या आमच्या घरात हा आवाज स्वयंपाकघराला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीतून यायचा. ती खोली खरं तर वॉशिंग मशीन आणि बुटांसाठी होती. आईने बूट बाहेर काढले आणि खोलीवर कब्जा केला. मी शाळेतून पावसात भिजत यायची, मागच्या दाराशी तो आवाज ऐकू आला की आई आज खुशीत आहे हे कळायचं आणि माझा जीव भांड्यात पडायचा. अजूनही कपडे दुरुस्त करायच्या एखाद्या दुकानात तो आवाज कानावर आला की मी काम नसताना आत शिरते. दुकानदारांना वाटतं, बाई दुकान चुकली.

आईला त्या मशीनची इतकी हौस का होती, हे सांगायला हवं. पुण्यात ती एका बुटीकमध्ये कपडे शिवायची, नुसते शिवायची नाही तर त्यांना नटवायची. बाबांना इथे मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात नोकरी लागली, मी चौथीत असताना आम्ही आलो, आणि आईच्या कागदांवर शिक्का पडला की ही नवऱ्यावर अवलंबून आहे. तो शब्द तिला फार झोंबला. पहिली दोन वर्षं ती खिडकीत बसून समोरच्या हिरवळीकडे बघत असे आणि संध्याकाळी बाबांना विचारी, "आज काय विशेष?" बाबांच्या कारखान्यात विशेष काही घडायचं नाही. मग ते काहीतरी बनवून सांगायचे. वाईट सांगायचे, पण सांगायचे.

ते मशीन आम्हाला आयरिश डान्सचे फ्रॉक शिवणाऱ्या एका बाईंनी दिलं. त्यांचे गुडघे गेले होते आणि त्या काम बंद करत होत्या. मशीनबरोबर दोऱ्याचे कोन आले, खोकेच्या खोके. सोनेरी, चंदेरी, मोरपंखी, आणि एक फुगीर नायलॉनचा दोरा, जो हातात लोकरीसारखा मऊ लागायचा. आईने ते सगळे हॉट प्रेसमध्ये रचून ठेवले. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात इथले लोक टॉवेल ठेवतात. आमचे टॉवेल जिन्याच्या कठड्यावर गेले.

ओव्हरलॉकचा दोरा लोकांना शिवणीच्या आत, न दिसण्याजोगा हवा असतो. आई तोच बाहेर आणायची. सुईतला दोरा साधा ठेवून खालच्या लूपरमध्ये, म्हणजे सुईखाली दोरा फिरवणाऱ्या आकड्यात, जाड, चमकणारा दोरा घालायची आणि शिवण मुद्दाम कपड्याच्या बाहेरच्या अंगाला घ्यायची. पिको करताना ताणलं जाणारं कापड हाताने आणखी ताणायची, म्हणजे सोडल्यावर कड नागमोडी होऊन नाचायची. कधी दोन तुकडे सैल टाक्याने जोडून मग दोन्ही हातांनी ओढून उघडायची. टाके सपाट पसरायचे, त्यांची एका बाजूला वेटोळी आणि दुसऱ्या बाजूला छोटी शिडी व्हायची, आणि त्या शिडीतून ती बारीक रिबन ओवायची. कापड संपल्यावरही मशीन तसंच चालू ठेवलं की नुसत्या दोऱ्याची साखळी बाहेर येत राहते. त्या साखळ्यांचे ती गोंडे करायची, वेण्या घालायची, कपड्यांना बंद म्हणून लावायची. खालच्या लूपरमध्ये दोरा ओवणं हे मोठं जिकिरीचं काम, ते माझ्याकडे होतं. चिमटा घेऊन, जीभ बाहेर काढून मी ओवायची. शाळेच्या करड्या स्कर्टला तिने एकदा जांभळी नागमोडी कड लावली, तर शाळेतून बोलावणं आलं. आई गेली आणि तिथल्या बाईंच्या स्कार्फला तशीच कड लावून द्यायचं कबूल करून आली. कड मात्र काढावी लागली.

मी तेरा वर्षांची असताना आईला दिवस गेले. मला आधी लाज वाटली, मग आनंद झाला, आणि शाळेत कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं, जणू ते लपणार होतं. आईचं वय वाढलेलं म्हणून बाबांनी आजीला बोलावून घेतलं. आजी म्हणजे बाबांची आई, कराडकडची. मोठ्या बॅगेत मेतकूट, डिंक, खारीक आणि स्वतःची नेसून नेसून मऊ झालेली दोन लुगडी घेऊन ती आली. लुगडी बाळाच्या दुपट्यांसाठी होती, पण ती बाळ झाल्यावरच फाडायची. तोवर त्यांना कात्री लावायची नाही की सुई. बाळ यायच्या आधी त्याचे कपडे शिवायचे नाहीत हे आजीच्या मते सांगायचीसुद्धा गोष्ट नव्हती, ते सगळ्यांना ठाऊकच असतं. आमच्या घरी यावरून खडाजंगी झाली ती हॉस्पिटलच्या बॅगेमुळे. इथे बाळंतपणाच्या बऱ्याच आधी बॅग भरून ठेवायला सांगतात, त्यात बाळाचे कपडेही हवेत. बाबा म्हणाले की दुकानातून आणू. आईला ते सहन होईना. गावातल्या अर्ध्या मुलींच्या फ्रॉकना तिने कडा लावलेल्या, आणि तिच्याच बाळाने दुकानातलं घालायचं.

"आगं पोरी, लेकरू येऊ दे. मग शिव हवं तेवढं," आजी म्हणाली. ती रागावली नव्हती, विनवत होती.

आई म्हणाली, "आई, तिथे त्याला पहिल्या मिनिटाला कपडे लागतात. तेव्हा मी मशीनवर बसू का?"

शेजारच्या ब्रीडाला, एकटीच राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला, आईने मध्यस्थीसाठी बोलावलं, आणि तिथेच तिचा अंदाज चुकला. मी दुभाषी होते. ब्रीडा म्हणाली की आमच्यातसुद्धा बाळ येईपर्यंत बाबागाडी घरात आणत नाहीत, तिच्या बहिणीची बाबागाडी बाळ होईपर्यंत ब्रीडाच्याच शेडमध्ये उभी होती. मी हे आजीला सांगितलं तेव्हा आजीने उठून ब्रीडाचा हात धरला आणि तिला डिंकाचा लाडू दिला. एकमेकींचा एक शब्द कळत नसताना दोघींचं असं मेतकूट जमलं, की त्या दिवसापासून ब्रीडा रोज चारच्या चहाला यायला लागली. आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी तिने मशीनवर झाकलेलं कापड काढलं आणि शिवायला बसली.

मला आजही वाटतं, की तिने हट्टाने शिवलं असं कुणी म्हणू नये. ती आनंदाने शिवत होती. पांढऱ्या, मऊ सुती होजिअरीचं झबलं. बाळाच्या अंगाला शिवण टोचू नये म्हणून सगळे जोड सपाट टाक्याचे, वेटोळी बाहेर आणि आतून बोट फिरवलं तर काहीही न लागणारे. गळ्याला आणि घेराला फुगीर दोऱ्याची फिकट पिवळी नागमोडी कड. बटण नाही, हुक नाही, पुढून बांधायला त्याच पिवळ्या दोऱ्याच्या साखळीचे बंद. एक टोपडंही केलं. आईला आता मशीनवर वाकता येत नव्हतं, पोट आड यायचं, म्हणून ती बाजूने तिरकी बसायची आणि मी दोरे ओवून द्यायची. झबलं झालं तेव्हा तिने ते मुठीत धरून गालाला लावलं, मग माझ्या गालाला लावलं. आजी दारात उभी होती. तिने बघितलं आणि आत जाऊन वरण फोडणीला टाकलं.

सातवा महिना भरत आला होता. एका दुपारी आई म्हणाली की सकाळपासून बाळ हललं नाही. आजीने तिला डाव्या कुशीवर निजवलं, गार दूध दिलं, पोटावर हात ठेवून बसली. मग बाबांना फोन केला. ते आले आणि आईला घेऊन गेले. आजी देवापुढे बसली आणि मी जिन्यावर. संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते मराठीत बोलत होते की इंग्रजीत ते मला आठवत नाही, एवढंच आठवतं की ते सारखं "ऐक ना, ऐक ना" म्हणत होते आणि पुढे काही सांगत नव्हते. बाळाचं हृदय थांबलं होतं. तरी आईला बाळंतपण करावंच लागणार होतं. मला हे ठाऊक नव्हतं, की असं होतं तेव्हा तेही करावं लागतं. मला त्याचा इतका राग आला, की मी हातातला फोन सोफ्यावर फेकला.

भाऊ झाला. हॉस्पिटलमध्ये सगळे फार चांगले वागले असं बाबा नंतर नेहमी सांगत. नर्सने बाळाला पुसलं, कुणीतरी विणून दिलेल्या छोट्या शालीत गुंडाळलं, आणि आईला विचारलं की बॅगेत कपडे आहेत ते घालूया का. आईने मान भिंतीकडे वळवली. माझ्या हातचं काही त्याच्या अंगाला लागू देऊ नका, एवढंच ती बोलली, आणि बाबांनी ते इंग्रजीत सांगितलं. तिने बाळाला घेतलं नाही, बघितलंही नाही. बाबाच घेऊन बसले. इथे अशा बाळाला घरी नेऊ देतात, एक दिवस, एक रात्र, थंड राहणाऱ्या छोट्या पाळण्यात. बाबांनी हो म्हटलं. मला वाटतं, आई घरी गेल्यावर तरी त्याला घेईल अशी त्यांना आशा होती.

बैठकीच्या खोलीत खिडकीखाली तो पाळणा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्युनरल होमचा माणूस न्यायला येणार होता, गावाच्या दफनभूमीत लहान मुलांसाठी वेगळी जागा आहे, तिथे. आई वर जाऊन पडली आणि खाली येईना. खाली माणसं यायला लागली. आम्ही कुणाला कळवलं नव्हतं, पण ब्रीडाला कळलं म्हणजे सगळ्या रस्त्याला कळलं. एकेक जण यायचं, बाबांचा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं, पाळण्यापाशी थांबायचं, आणि स्वयंपाकघरात काहीतरी ठेवून जायचं. अंड्याचे सँडविच, सफरचंदाचं टार्ट, सूपचं भांडं. ब्रीडाने तर बाह्या वर करून किटलीचा ताबाच घेतला. आजी हे सगळं बघत होती. आपल्याकडेही अशा घरात चूल पेटू देत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात, असं ती मला म्हणाली. तिने स्वतः फक्त चहा घेतला. बाबांचा कारखान्यातला एक मित्र, नागपूरचा, दारातूनच रडत परत गेला. मी भावाला बघितलं. तो अगदी लहान होता आणि त्याच्या भुवया बाबांसारख्या होत्या. याहून जास्त मला लिहिता येत नाही. त्याचं नाव आम्ही ठेवलं, तेही इथे लिहीत नाही.

दुपार झाली. बाबा वर जाऊन आले, मग ब्रीडा जाऊन आली. ती खाली येऊन हळूच म्हणाली की हिने आज त्याला घेतलं नाही तर पुढे फार जड जाईल. ते आम्हालाही कळत होतं. उद्या सकाळनंतर घेणार कुणाला? पण आई कुणाचं ऐकेना. सगळं माझ्यामुळे झालं, दोघींनी सांगितलं होतं तरी मी शिवलं, हेच ती म्हणत होती. बाबांनी विज्ञानाच्या चार गोष्टी सांगितल्या, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. खरंच होतं ते, पण तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मला वाटलं, आता आजीनेच जाऊन म्हणावं की तुझी चूक नाही. पण आजीनेच तर नको म्हटलं होतं, ती कुठल्या तोंडाने म्हणणार?

आजीने हॉस्पिटलची बॅग उघडली, झबलं काढलं, आणि गुडघे धरत जिना चढली. मी तिच्या मागे गेले आणि दाराबाहेर थांबले. आजी पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ ती झबलं मांडीवर ठेवून त्याची कड बोटाने सरळ करत होती. ती कड सरळ होणारी नव्हतीच.

"तुझ्या नवऱ्याच्या आदी मला एक लेकरू झालं हुतं," ती म्हणाली. "त्याला बी ठावं न्हाई. म्या समदं पाळलं, मनीषा. एक टाका घातला न्हाई. घरात सुई धरली न्हाई. सासूबाई म्हणतील तसं बसले, तसं उठले. तरी गेलंच ते."

आईने उशीवरून मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मामंजींच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून नेलं. मला दावलं बी न्हाई. आंगावर घालाया घरात काय नव्हतंच की. शिवलंच नव्हतं." आजीचा आवाज तेवढ्यापुरता फुटला. "ते गेल्याचं दुःख हाय, पर ते उघडं गेलं त्याचं दुःख त्याच्याहून जास्त हाय बघ. म्या तुला नगं म्हणले ते भ्यावानं म्हणले. माज्या भ्यावाचं तू काय मनावर घेऊ नगंस. तुझ्या लेकराला आईच्या हातचं हाय. ऊठ, घाल त्याला."

दारामागे मी तोंडावर हात दाबून रडत होते. आतून आईचा रडण्याचा आवाज आला, हॉस्पिटलपासून पहिल्यांदाच. मोठ्याने, आवरता न येणारा. खालच्या लोकांनाही ऐकू गेला असणार, कारण एकदम सगळे गप्प झाले. त्या रडण्याने मला भीती वाटली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

आई खाली आली. लोकांनी वाट दिली आणि ब्रीडाने सगळ्यांना हळूहळू स्वयंपाकघरात नेलं. आई पाळण्याशी गुडघ्यांवर बसली. आधी तिने त्याच्या पायाच्या बोटांना हात लावला, मग कपाळाला. मग झबलं त्याच्यावर अंथरलं. ते फार मोठं होतं. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मापाचं होतं, आणि तो दोन महिने आधी आला होता. पिवळी कड त्याच्या पावलांच्याही खाली जात होती आणि गळा खांद्यांवरून उतरत होता. मला वाटलं, झालं, आता ती परत वर जाणार. पण आई खांदे, छाती, बाह्या बोटांनी मापत होती. मापताना तिला त्याला उचलावं लागलं, आणि तिने उचललं, एका हातावर, जसं मापासाठी कुठल्याही बाळाला उचलतात तसं. मग तिथेच थांबली आणि त्याला छातीशी धरून बसली. आजीने बाबांना खुणेने जवळ बोलावलं. बाबा जमिनीवरच बसले.

थोड्या वेळाने तिने त्याला बाबांच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "चल, दोरा ओव."

खालचा लूपर मला नीट दिसेना, दोरा तीनदा निसटला. आई घाई न करता उभी राहिली. ओव्हरलॉकवर लहान करायचं म्हणजे चूक करून चालत नाही. पातं आधी कापतं, टाका मागून येतो, एकदा गेलेलं कापड परत येत नाही. इतकं बारीक काम तिने कधीच केलं नसेल. दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या, खांदे आत घेतले, खालचा घेर कापून उरलेल्या कापडावर नव्याने नागमोडी कड घेतली. ताणताना तिचे हात इतके हलके होते, की कापड स्वतःहून वळतंय असं वाटावं. घरभर तो आवाज भरून राहिला. स्वयंपाकघरात ब्रीडा आणि ते सगळे अनोळखी लोक कप हातात धरून उभे होते. पात्याखालून पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या माझ्या पायांवर पडत होत्या. मी रडत होते. आई रडत नव्हती. ती काम करत होती.

रात्र आम्ही सगळ्यांनी त्याच खोलीत काढली, आणि आई त्याला मांडीवर घेऊन बसली. घालायची वेळ सकाळी आली. गाडी दाराशी लागली होती, न्यायला आलेला माणूस टोपी काढून अंगणात उभा होता आणि घाई करत नव्हता. आजीने कोमट पाण्यात कापड बुडवून बाळाचं अंग पुसलं. आईने झबल्याची एक बाही चढवली, दुसरी चढवली, मान हाताने सावरली. जोड सपाट होते, कुठे चुणी नव्हती, घेर पावलांपाशी थांबत होता. खालचे बंद तिने बांधले. वरचा बांधायला घेतला, एक गाठ मारली, मग सोडली, जरा सैल करून पुन्हा मारली. तरी तिचं समाधान होईना.

"बघ गं," ती मला म्हणाली. "गळ्याशी काचत नाही ना त्याला?"

मी कडेखाली बोट घालून पाहिलं. "नाही आई," मी म्हणाले. "काचत नाही."